फ्रँकोनियातले पाच दिवस: धुराची बिअर, लाकडी चौकटीची घरं आणि आम्ही चौघं

कोयनाकाठ:

नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं नोकरीच्या निमित्ताने जर्मनीत एर्लांगनला आहे, न्यूर्नबर्गच्या शेजारचं गाव. दर उन्हाळ्यात पुण्याहून कोणी ना कोणी येतंच आणि आल्याआल्या विचारतं की ऑक्टोबरफेस्टला कधी जायचं. या जूनमध्ये कॉलेजचे आम्ही चौघं अकरा वर्षांनी एकत्र आलो आणि मी आधीच फोनवर सांगून टाकलं होतं, म्युनिक नाही, पाच दिवस फक्त फ्रँकोनिया, म्हणजे बव्हेरियाचा उत्तरेकडचा भाग. (इथल्या माणसाला बव्हेरियन म्हणू नका, त्याला खरंच लागतं. नेपोलियनच्या धामधुमीत, १८०२-०३ च्या सुमारास बांबेर्गचा मुलूख बव्हेरियाला जोडला गेला आणि ते अजून कोणी विसरलेलं नाही.)

धागा काढायचं कारण सांगतो. बिअर एकीकडे आणि चर्च-वाडे दुसरीकडे असं धरून लोक प्लॅन करतात, सकाळी इमारती बघायच्या आणि संध्याकाळी प्यायला बसायचं. हिंडताना मला जाणवलं की इथे घराखाली किती खोल खणायचं, टेकडीवर झाड कुठलं लावायचं, गावाच्या मधोमध कुठली इमारत उभी करायची, यातलं बरंचसं बिअरनेच ठरवलंय. एकदा ते दिसायला लागलं की मग साधं गावही बघायला दोन तास पुरत नाहीत.

पहिला दिवस बांबेर्ग. न्यूर्नबर्गहून रिजनल गाडीने पाऊण तास. पाच जणांपर्यंत एकच बायर्न तिकीट (बव्हेरियाभर चालणारं दिवसाचं तिकीट) चालतं, फक्त आठवड्याच्या दिवशी सकाळी नऊनंतर. स्टेशनवरून चालत जुन्या गावात गेलो आणि आमच्यातला सिव्हिलवाला पुलावरच थांबला तो अर्धा तास हलेना. रेग्निट्झ नदीच्या ऐन मध्यात टाऊन हॉल आहे! गावात सांगतात की बिशपने नागरिकांना टाऊन हॉलसाठी वीतभर जमीन द्यायचं नाकारलं, तेव्हा लोकांनी नदीतच लाकडी खांब ठोकून बेट तयार केलं आणि त्यावर बांधलं. दगडी इमारतीला चिकटून एक पिवळं, लाकडी चौकटीचं घर आहे ते थेट पाण्यावर लोंबकळतं, खाली पाणी धो धो खळाळत असतं. भिंतींवर १७५५ साली योहान आनवांडरने काढलेली चित्रं आहेत, त्यातल्या एका बाळदूताचा पाय चित्रातून बाहेर आलाय, खरोखरचा, गिलाव्यात घडवलेला. खाली उभं राहून निरखून बघा, पटकन दिसत नाही.

तिथून पाच मिनिटांवर श्लेंकर्ला, धुराच्या बिअरचं जुनं घर. याबद्दल मला सविस्तर लिहायचंय.

आपल्याकडे नाचणीचं सत्त्व करतात तसंच बिअरचंही पहिलं काम. सातू भिजवायचा, मोड आणायचे आणि मग ते वाळवायचे, त्याला माल्ट म्हणतात. पूर्वी उन्हाचा भरवसा नसलेल्या या देशांत माल्ट सर्रास जाळावर वाळवायचे, त्यामुळे त्या बिअरला धुराचा वास असायचा. पुढे धूर बाहेरच्या बाहेर काढून नुसती गरम हवा देणाऱ्या भट्ट्या आल्या आणि हळूहळू सगळीकडून तो वास गेला. बांबेर्गमध्ये दोन घरांनी तो सोडला नाही, एक श्लेंकर्ला आणि दुसरं श्पेत्सिआल. दोघंही आजही बीच झाडाच्या ओंडक्यांवर आपलं माल्ट स्वतः धुरवतात. श्पेत्सिआल १५३६ पासूनचं आहे आणि श्लेंकर्लाच्या घराचा पहिला उल्लेख १४०५ चा आहे.

आत काळ्या तुळया, बुटकं छत, घासून गुळगुळीत झालेली लांब टेबलं. आम्ही उभे होतो तेव्हाच पिंप संपलं. एका माणसाने दुसरं लाकडी पिंप उचलून काउंटरवर ठेवलं, खालच्या बुचावर पितळी तोटी धरली आणि लाकडी हातोड्याचे दोन-तीन ठोके घातले, एक थेंब सांडला नाही. गॅस नाही, पंप नाही, आपल्या वजनाने बिअर खाली येते. रंग जवळजवळ कॉफीचा, वर साईसारखा फेस. पहिला घोट घेतला आणि आमच्यातला एक म्हणाला, "अरे, हे तर वांग्याचं भरत!" आणि अगदी तोच वास आहे हो, निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याची साल काढताना हाताला येतो ना तो. पहिल्या ग्लासला बहुतेकांचं तोंड वाकडं होतं, तिथल्या कागदी चकतीवरही जुन्या भाषेत छापलंय की पहिल्या घोटाला चव परकी वाटली तरी थांबू नका. दुसऱ्या ग्लासच्या मध्यावर कुठेतरी धूर मागे जातो आणि माल्टची गोडी पुढे येते. माझ्यासाठी ही जगातली सगळ्यात प्रामाणिक बिअर आहे.

दुसऱ्या दिवशी गडबड झाली. बांबेर्गमध्ये चार रात्रींसाठी घेतलेलं अपार्टमेंट मालकाने पहिल्या रात्रीनंतर काहीतरी कारण सांगून रद्द केलं आणि शनिवार असल्यामुळे गावात खोली मिळेना. शेवटी बसने एका खेड्यात गेलो जिथे ब्रुअरीच्याच वर चार खोल्या होत्या. खाली बिअर बनते, मधे खाणावळ, वर पाहुणे, आणि मालकीणबाई स्वतः चाव्या द्यायला आल्या. पहाटे पाचला खिडकीतून गोडसर वाफेचा वास आला, घरी सत्त्व शिजवताना येतो तसा. खाली बघतो तर अंगणात मालकाचा मुलगा रबरी बूट घालून उकळून उरलेला चोथा ट्रॉलीत भरत होता, तो शेजारच्या गोठ्यात गाईंना जातो. आम्ही चौघंही खिडकीत उभं राहून बघत बसलो, कोणी काही बोललं नाही.

बाकीचं पुढच्या प्रतिसादात लिहितो, खूप लांबलं.

शेवग्याची शेंग:

किती सुंदर लिहिलंय! वाचतेय. भरताचा वास म्हटल्यावर एकदम डोळ्यासमोर आलं. प्रश्न असा की शाकाहारी माणसाचं काय होतं तिथे? मी ऐकलंय की सगळीकडे डुकराचंच मांस. आम्ही सप्टेंबरमध्ये जायचा विचार करतोय, मी आणि नवरा, नवरा सगळं खातो पण मी अंडंही नाही खात.

कोयनाकाठ:

@शेवग्याची शेंग, उपाशी नाही राहणार पण विचारून घ्यावं लागतं. ओबात्स्दा मागा, फ्रँकोनियात त्यालाच गेरुप्फ्टर म्हणतात, म्हणजे पिकलेलं मऊ चीज, लोणी, कांदा आणि लाल पाप्रिका कुस्करून केलेलं. ब्रेडबरोबर फारच छान लागतं, फक्त काही ठिकाणी त्यात बिअरचा शिडकावा असतो. केज-श्पेत्स्ले, म्हणजे चीज घातलेल्या जाड शेवया, मिळेल पण त्याच्या पिठात अंडं असतं, ते तुम्हाला चालणार नाही. बटाट्याचा मोठा गोळा मिळतो, क्लोस, पण त्यावर ओततात तो रस्सा मांसाचा असतो, रस्सा नको म्हणून आधीच सांगा. आणि बांबेर्गचा प्रसिद्ध भरलेला कांदा बघून हरखून जाऊ नका, आत खिमा असतो. कांदा मात्र इथला मानाचा, बांबेर्गकरांना टोपणनावच "कांदे तुडवणारे" असं आहे. पूर्वी कांदा पोसावा म्हणून माळी लोक पायाला फळ्या बांधून वरची पात तुडवायचे. गावाच्या मधोमध अजून त्यांच्या भाजीच्या वाफ्यांच्या पट्ट्या आहेत आणि १९९३ साली जागतिक वारसा ठरलेल्या भागात हा माळ्यांचा विभागही येतो.

शनिवारपेठ:

मस्त धागा. एक माहिती, १५१६ साली बव्हेरियात जगातला पहिला बिअर शुद्धतेचा कायदा झाला ज्यात फक्त पाणी, सातू आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) एवढंच वापरायची परवानगी होती. त्यामुळेच जर्मन बिअर एवढी चांगली.

कोयनाकाठ:

@शनिवारपेठ, १५१६ चा कायदा खरा, २३ एप्रिलला इंगोलश्टाटला जाहीर झाला, ड्यूक विल्हेल्म चौथ्याच्या वेळी. पण पहिला म्हणू नका, बांबेर्गवाले लगेच सांगतील की आमच्या बिशपने १४८९ लाच हे लिहून ठेवलंय. आणि त्या कायद्याचा बराचसा भाग भावाबद्दल आहे, हिवाळ्यात एक मास (साधारण लिटरभराचं माप) एका फेनिगच्या (जुनं नाणं) वर विकायची नाही, उन्हाळ्यात दोनच्या वर नाही. गहू आणि राई पावासाठी राहावी हेही कारण सांगतात. यीस्टचा त्यात उल्लेखच नाही.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो नंतरचा, १५५३ चा नियम, की बिअर फक्त २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्याच काळात बनवायची. उन्हाळ्यात भट्ट्यांमुळे आगी लागायच्या आणि गरमीत बिअर नासायची. मग उन्हाळाभराची बिअर मार्चमध्येच जास्त कडक बनवून साठवायची, म्हणून तिचं नाव मेर्त्सेन, मार्चची. साठवायची कुठे? टेकडीच्या पोटात! इथला वालुकाश्म खणायला सोपा, आतलं तापमान बारा महिने आठ-दहा अंश, हिवाळ्यात तळ्यावरचा बर्फ कापून आणून आत रचायचे. तळघराच्या वरची जमीन तापू नये म्हणून वर चेस्टनटची झाडं लावली, मोठी दाट पानं आणि मुळं फार खोल जात नाहीत म्हणजे खालच्या कमानींना धक्का नाही. झाडाखाली सावली झाली तशी लोक तिथेच येऊन बसायला लागले. हीच बिअर गार्डन. केलर म्हणजे तळघर, पण फ्रँकोनियात आजही "केलरमध्ये" जातो असं नाही म्हणत, "केलरवर" जातो म्हणतात, कारण आपण खरंच तळघराच्या डोक्यावर बसलेलो असतो. फोर्शहाइमला तर अख्खी टेकडी अशी आहे, जंगलात वीसच्या वर केलर एका ओळीने.

पुढे कार्ल फॉन लिंडे या इंजिनिअरचं बर्फाचं यंत्र १८७० च्या दशकात आलं आणि टेकड्यांची गरज संपली, पण झाडं राहिली आणि बसायची सवय राहिली. आमच्या एर्लांगनची जत्रा, बेर्गकिर्षवाय, १७५५ पासून अशाच टेकडीवर भरते, पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुमारास बारा दिवस. मित्र आले त्या दिवशी संध्याकाळी विमानतळावरून बॅगा घरी टाकून थेट तिथेच गेलो होतो.

सागवानी:

मी व्यवसायाने आर्किटेक्ट, जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करते. लाकडी चौकटीच्या घरांबद्दल अजून लिहा ना. मला ती घरं बघताना नेहमी आपल्या कोकणातल्या कुडाच्या भिंती आठवतात, कामट्या विणायच्या आणि वरून माती-शेणाचा लेप. तिथे आत काय भरतात?

कोयनाकाठ:

@सागवानी ताई, अगदी बरोबर ओळखलंत, तेच आहे ते! आमचा सिव्हिलवाला त्याच्यासाठीच आला होता. ओकच्या लाकडाची चौकट, खाच आणि कुसू करून जोडायची आणि लाकडी खुंटी मारायची, लोखंडी खिळा नाही. मधल्या चौकोनात काठ्या उभ्या करून त्यात डहाळ्या विणायच्या आणि वरून भुसा मिसळलेली माती लिंपायची, म्हणजे कूडच. नंतरच्या काळात विटा भरायला लागले. या बांधणीला जर्मनमध्ये फाखवेर्क म्हणतात आणि फाख म्हणजे खण. आपण नाही का वाडा किती खणांचा असं विचारत, तोच खण. हे त्याला सांगितलं तेव्हा तो रस्त्यातच मोठ्याने हसला आणि मग दिवसभर खण मोजत हिंडला.

जवळून बघायची गोष्ट म्हणजे तुळयांवरच्या खुणा. चौकट आधी सुताराच्या आवारात जमिनीवर आडवी जुळवायचे, प्रत्येक जोडावर रोमन आकड्यांसारखे उभे-तिरके काप मारायचे, मग सगळं सुटं करून जागेवर नेऊन आकड्याला आकडा लावून उभं करायचे. आम्ही राहिलो त्या खेड्यातल्या धान्याच्या कोठीवर सात आणि आठ या खुणा स्पष्ट दिसत होत्या, बोट फिरवलं तर धार अजून लागते. आणि खांबाच्या दोन्ही बाजूंनी तिरके आधार येतात तेव्हा हातपाय फाकून उभ्या माणसासारखा आकार होतो, त्याला ते "रानटी माणूस" म्हणतात. भिंतीचा तिरपेपणा रोखायचं काम तोच करतो.

सागवानी:

खण! हे मला माहीत नव्हतं, उद्या साइटवर सुतारांना सांगते. आमच्याकडेही जुना वाडा उतरवताना तुळयांवर असे खुणेचे काप सापडतात, काही वेळा खडूच्या नाहीतर काजळाच्या रेघा. उतरवताना आम्ही प्रत्येक लाकडाला नंबर देतो आणि नेमके हे जुने काप रंगवून झाकले जातात. आता मी ते झाकू देणार नाही.

ऱ्हाईनतीर:

मी कोलोनला असतो त्यामुळे आमच्या गावाची बाजू मांडतो. इथे बिअर एकच, क्योल्श, तीही ०.२ लिटरच्या सरळसोट उंच ग्लासात. वाढणाऱ्याला क्योबेस म्हणतात, तो निळा अंगरखा घालून गोल ट्रेमध्ये डझनभर ग्लास घेऊन फिरतो आणि तुमचा संपला की न विचारता दुसरा ठेवतो, चकतीवर पेन्सिलने एक रेघ मारतो. थांबायचं असेल तर चकती ग्लासवर ठेवायची. माझ्या आईबाबांना हे सांगायचं राहून गेलं आणि बाबांपुढे भरलेले ग्लास येतच राहिले, त्यांना वाटलं की यजमानांचा मान राखायला पाहिजे.

आणि कॅथेड्रल! १२४८ ला पाया घातला आणि १८८० ला पूर्ण झालं. मधे सोळाव्या शतकात काम थांबलं ते जवळजवळ तीनशे वर्षं, आणि अर्धवट दक्षिण मनोऱ्यावर लाकडी क्रेन तशीच उभी होती, गावाची ओळखच ती होऊन बसली होती. १५७ मीटर उंच आहे. ट्रेनमधून स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकलं की एकदम समोर येतं, मी आठ वर्षं रोज बघतोय तरी मान वर जातेच.

कोयनाकाठ:

@ऱ्हाईनतीर, वाचून छान वाटलं. छोट्या ग्लासात बिअर ताजी आणि थंड राहते हे खरंय. आमच्याकडे अर्धा लिटर म्हणजे सायडला, आणि शेवटचा थोडासाच हवा असेल तर "श्निट" मागायचा, निम्म्याहून थोडा जास्त फेसासकट भरून देतात.

आता राहिलेला प्रवास. तिसऱ्या दिवशी फिअरत्सेनहायलिगेन, नाव लांबलचक आहे, अर्थ चौदा संत. बांबेर्गहून बाड श्टाफेलश्टाइनपर्यंत गाडी आणि तिथून शेतांमधून चढ चढत तासभर पायी. आमच्या पुढे एक यात्रेकरूंचा जथा होता, पुढे झेंडा, मागे पितळी वाद्यं, म्हाताऱ्या बायका हातात काठी घेऊन गात चालल्या होत्या. आमच्यातल्या एकाचं घर सासवडला, माऊलींच्या पालखीच्या वाटेवर, तो न बोलता त्यांच्या मागोमाग त्यांच्याच चालीने चालायला लागला.

वरचं चर्च बाल्थाझार नॉयमान या आर्किटेक्टचं. १४४५ च्या सुमारास इथे एका मेंढपाळाला दृष्टांत झाला म्हणून ती नेमकी जागा चर्चच्या मध्यबिंदूवर यायला हवी होती. १७४३ ला काम सुरू झालं आणि जागेवर देखरेख करणाऱ्या दुसऱ्या आर्किटेक्टने आपल्या मनाने बदल केले, भिंती अशा उठल्या की ती जागा मध्यावर येईनाच. पाडायचं तर खर्च केवढा. नॉयमानने काय केलं, तर आतली सगळी रचना एकमेकांत गुंफलेल्या लंबवर्तुळांची केली आणि सगळ्यात मोठं लंबवर्तुळ त्या पवित्र जागेभोवती आणलं. बाहेरून बघताना साधं क्रॉसच्या आकाराचं चर्च वाटतं आणि आत गेल्यावर भिंती सरळ कुठे आहेत तेच कळत नाही, सगळं पांढरं-सोनेरी लाटांसारखं हलतंय असं वाटतं. नॉयमान १७५३ ला गेला, पूर्ण व्हायला १७७२ उजाडलं. आमचा सिव्हिलवाला बाकावर बसून वहीत प्लॅन काढत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी त्याला विचारून लिहितोय.

चर्चच्या मागेच वर शंभर पावलांवर ब्रुअरी आहे, १८०३ पासून, बिअरचं नाव नोथेल्फर, म्हणजे अडल्यानडल्याला धावून येणारे, त्या चौदा संतांवरूनच. मघाचे ते वाजंत्रीवाले सगळे तिथे भेटले. आम्ही भारतातले म्हटल्यावर त्यांनी बाकावर जागा करून दिली आणि आमच्यासाठी एक सुरावट वाजवली.

आणि डबा! हे सांगायलाच हवं. १८१२ साली राजा माक्स योसेफने ब्रुअरीवाल्यांना तळघरावर बिअर विकायची मुभा दिली पण जेवण विकायला बंदी घातली, कारण खाणावळवाल्यांची तक्रार होती. म्हणून लोक घरून खाणं आणायला लागले आणि ती रीत अजून जिवंत आहे. चौथ्या दिवशी एका केलरवर आम्ही विचारून आमचा डबा उघडला, मी सकाळी केलेली थालीपिठं, शेंगदाण्याची चटणी, मित्राच्या आईने पाठवलेलं लिंबाचं लोणचं. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी चटणी मागून घेतली, पावावर लावून खाल्ली, मग त्यांच्या टोपलीतला मुळा काढला, पातळ सर्पिल कापला, मीठ लावला, मुळ्याला पाणी सुटेपर्यंत थांबायला लावलं आणि मग आम्हाला दिला. मीठ लावलेला मुळा आणि थंड बिअर. आजीकडे जेवताना असाच मुळा पानात असायचा.

कधीच_नाही:

या धाग्यातला न पिणारा मित्र तो मी. नाव नोंदवून मुद्दाम लिहितोय कारण मला वाटलं होतं पाच दिवस मी कोपऱ्यात बसणार. तसं एकदाही झालं नाही. मी आप्फेलशोर्ले, म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा, तोही त्याच मोठ्या मगमध्ये घेऊन बसायचो आणि कोणी विचारलं नाही की तू का नाही घेत. केलरवर लहान मुलं झोक्यावर असतात, आज्या विणकाम करतात, कुत्री टेबलाखाली झोपलेली असतात. ग्लासला ग्लास लावताना डोळ्यात बघायचं एवढा एकच नियम, तो सगळ्यांना सारखा.

मला सगळ्यात जास्त भिडलं ते न्यूर्नबर्गचं भूमिगत तळघर. गावाखाली दगडात मजल्यावर मजले खणलेत, १३८० चा हुकूम आहे की ज्याला बिअर विकायची त्याच्याकडे स्वतःचं तळघर हवं. २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात वरचं जुनं गाव जवळजवळ सगळं गेलं आणि हजारो माणसं याच तळघरांत वाचली. किल्ल्याखालच्या अशाच एका तळघरात चित्रं आणि मूर्तीही दडवून ठेवल्या होत्या, त्यात पोलंडच्या क्राकोवहून लुटून आणलेली, फाइट श्टोस या शिल्पकाराने कोरलेली चर्चची वेदीही होती. जूनमध्ये वर तीस अंश आणि आत जॅकेट घालूनही थंडी. गाइडबाईंनी मिनिटभर दिवे बंद केले. त्या काळोखात पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता आणि मला माझ्या मित्राचा हात धरावासा वाटला, धरला.

बेळगावकर:

वा, शेवटचं वाचून अंगावर काटा आला. रेगन्सबुर्गला असताना मी एकदा उत्तरेकडे, ओबरफाल्झच्या वरच्या भागात गेलो होतो, तिथला झोइगल कुणी अनुभवलाय का? गावाची सामाईक ब्रुअरी असते, लाकडावर पेटवलेली भट्टी, आणि बिअर बनवायचा हक्क ठराविक घरांना असतो, घर विकलं तर हक्कही घराबरोबर जातो. पाळीपाळीने बनवायची आणि आपल्याच घराच्या तळघरात आंबवायची, मग ज्याची तयार तो दारावर सहा टोकांची चांदणी टांगतो आणि घरच्या खोलीत लोकांना बसवतो. आमच्या गावात गुऱ्हाळाची पाळी असायची तसंच. आता फक्त पाच गावांत उरलंय.

कोयनाकाठ:

@बेळगावकर, नाव ऐकून होतो पण गेलो नव्हतो. नक्की जातो आणि इथे लिहितो.

शेवग्याची शेंग:

पैशांचं पण सांगा, कार्ड चालतं का? आणि टेबल बुक करावं लागतं का?

कोयनाकाठ:

खेड्यांमध्ये रोख ठेवाच, बऱ्याच ठिकाणी कार्ड घेत नाहीत. टेबलाचं म्हणाल तर मोठ्या टेबलावर जागा दिसली की "हिअर नोख फ्राय?" असं विचारून अनोळखी लोकांशेजारी बसायचं, तीच पद्धत. फक्त एखाद्या टेबलावर श्टामटिश अशी पाटी असेल तर तिथे नाही बसायचं, ते रोजच्या मंडळींचं ठरलेलं टेबल. ग्लासवर डिपॉझिट असू शकतं, परत देताना मागून घ्या.

कोयनाकाठ:

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहितोय. मित्र परत गेले, घर फार रिकामं वाटायला लागलं, म्हणून शनिवारी एकटाच विंडिशएशेनबाखला गेलो, वायडेनला गाडी बदलून. (इंजिनिअर मंडळींसाठी, १९९० ते ९४ या काळात जमिनीत ९,१०१ मीटर खोल भोक पाडलं ते याच गावात, त्याचा मनोरा अजून आहे.) सामाईक ब्रुअरीच्या दारात ज्यांची पाळी होती ते काका उभे होते, आत यायला सांगितलं. तांब्याची मोठी कढई, खाली लाकडाचा जाळ, आणि माळ्यावर एक भलामोठा उथळ पत्र्याचा ट्रे, त्यात गरम रस रात्रभर निवत ठेवतात. सकाळी टाकीत भरून घरी नेतात आणि यीस्ट घरी घालतात. म्हणजे कढई एकच असली तरी प्रत्येक घराची चव वेगळी. काका म्हणाले की त्यांच्या घरची बिअर थोडी गोडसर असते आणि समोरच्या गल्लीतली कडू, लग्नं होऊन मुली इकडून तिकडे गेल्या तरी त्या माहेरचीच चांगली म्हणतात.

कुणाच्या घरी कधी झोइगल आहे याचं कॅलेंडर आधीच ठरलेलं असतं, बहुतेक शुक्रवार ते सोमवार. दुपारी चांदणी शोधत गेलो. दोन त्रिकोण एकमेकांत अडकवलेले, एकात विस्तव, पाणी, हवा आणि दुसऱ्यात पाणी, माल्ट, हॉप्स असा अर्थ लावतात, धर्माचा संबंध नाही. बैठकीच्या खोलीसारखी खोली, भिंतीवर घरातल्या लोकांचे फोटो. मी एकटा दिसल्यावर एका टेबलावरच्या चौघांनी सरकून जागा केली. शाळेपासूनचे मित्र, दर झोइगलला भेटतात, वयं सत्तरच्या पुढची. मी त्यांना आमच्या चौघांचा पुलावरचा फोटो दाखवला. त्यांनी तो फोन हातोहात फिरवला, एकाने चष्मा काढून नीट बघितला आणि विचारलं, पुढच्या वर्षी कधी येताय. बेळगावकर, मी व्हॉट्सॅपवर तिघांना कॅलेंडर पाठवलंय, जूनच्या दुसऱ्या शनिवारवर खूण केलीय, आणि सागवानी ताई, त्या घराची कोठी फाखवेर्कची आहे, खण मोजले, पाच आहेत.